जुनी फोर बाय फोर कशी निवडावी (आणि साडूंना कसं आवरावं)

हे मार्गदर्शन बेताच्या पैशांत जुनी फोर बाय फोर घेऊ इच्छिणाऱ्या होतकरूंसाठी आहे. ज्यांना नवी थार परवडते त्यांनी ती खुशाल घ्यावी, शोरूममधल्या पेढ्यासकट फोटो काढावा आणि हे पान उलटावं. बाकीच्यांनी वही-पेन घेऊन बसावं. लेखकाची पात्रता एवढीच की त्याला एक साडू आहेत आणि साडूंना जीप हवी होती.

कलम १. गरज निश्चित करा. साडूंनी आपली गरज सांगितली ती अशी : पक्षीनिरीक्षण, आकाशदर्शन, तंबू ठोकून मुक्काम आणि गळ टाकून मासेमारी. यातल्या एकाही उद्योगाला चारही चाकांत ताकद लागत नाही. भिगवणचे फ्लेमिंगो बघायला एसटीनेही जाता येतं. पण हे साडूंच्या तोंडावर बोलू नये. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या माणसाला 'कशाला हवी?' असं विचारण्याचा हक्क फक्त त्याच्या बायकोला असतो, आणि तिने तो बजावलेला असतो.

कलम २. गाडी फोर बाय फोर आहे की नुसती तशी दिसते, हे तपासा. हसू नका. महिंद्राच्या जुन्या जीपगाड्या टू व्हील ड्राइव्हमध्येही निघत. २०१० साली आलेली पहिली थारसुद्धा, तिच्या डीआय इंजिनात, दोन चाकांवरची मिळायची. बाहेरून सगळ्या सारख्याच रुबाबदार. तेव्हा आधी गिअरच्या शेजारी दुसरा दांडा आहे का बघा. असला तरी भुलू नका. गुडघे टेकून खाली वाका आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर डिफरन्शियलचा फुगीर गोळा आहे का, त्याला शाफ्ट जोडलेला आहे का, हे डोळ्यांनी पाहा. डिझेल वाचवायला पुढचा शाफ्ट काढून माळ्यावर टाकणारे महाभाग आहेत. एका विक्रेत्याला आम्ही शाफ्टबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, तो काय, कधीपण बसवता येतो." कुठे आहे, ते मात्र त्याला सांगता आलं नाही.

कलम ३. वाहनाची जात. इथे साडूंनी तीन महिने घेतले, आपण तीन परिच्छेदांत आटपू.

मारुती जिप्सी १९८५ साली आली तेव्हा तिला ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९६ च्या जिप्सी किंगला १३०० सीसीचं मिळालं. घ्यायची तर किंगच घ्यावी. वजन टनाच्या आसपास, त्यामुळे जिथे भारदस्त गाड्या चिखलात बसकण मारतात तिथून ही निघून जाते, आणि अडकलीच तर चार माणसं ढकलू शकतात. अवगुण : पेट्रोल पिते, पत्रा गंजतो, आणि पाटे इतके कडक की स्पीडब्रेकरवर कवळी हातात यावी. मागे समोरासमोर बसायचं. मेव्हणीने पाच मिनिटं मागे बसून एकच प्रश्न विचारला, "भाऊजी, यात कुकर उभा राहील का?" जिप्सीचं इतकं नेमकं परीक्षण मी कुठल्याही वाहन-मासिकात वाचलेलं नाही.

महिंद्राचा प्रकार निराळा. ही कंपनी १९४७ पासून विलीज जीप जोडत आली, त्यामुळे एमएम ५४० काय किंवा मेजर काय, कुठल्याही तालुक्याच्या गावी त्यांना हात लावणारा मिस्त्री सापडतो. सुटे भाग स्वस्त, पळ कमी, आवाज भरपूर. २०१० नंतरची सीआरडीई थार ही आमच्या मते पैशाला सर्वांत जागणारी, पण हे सगळ्यांना कळलं असल्यामुळे भाव उतरत नाही.

बोलेरो आणि स्कॉर्पिओतही फोर बाय फोर येत असे. कुटुंबवत्सलांनी तिकडे बघावं. साडूंनी बघितलं नाही.

कलम ४. बूच उघडा. हे या लेखाचं हृदय आहे. विक्रेता इंजिन दाखवतो, सीटकव्हर दाखवतो, नवा स्टिरिओ लावून गाणं ऐकवतो. आपण पाना घ्यावा, गाडीखाली सरकावं आणि डिफरन्शियलचं तेल भरायचं बूच सोडवावं. करंगळी आत घालून बाहेर काढावी. तेल काळपट, चिकट निघालं तर ठीक. अमृततुल्य चहासारखं दुधाळ निघालं, तर आत पाणी गेलंय. गाडीने नदी ओलांडलीय आणि मालकाने नंतर तेल बदललेलं नाही. करंगळीवर चकाकणारी धातूची बारीक पूड दिसली तर करंगळी पुसा आणि चहा प्यायला दुसरीकडे जा. मग इंजिन गरम झाल्यावर, चालू असतानाच, तेलाचं झाकण सोडून जागेवर नुसतं उलटं ठेवावं. ते थरथरलं तर चालेल. उडी मारायला लागलं तर रिंगा गेल्या, म्हणजे इंजिनाचं काम निघालं.

कलम ५. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. एरवी कुणी ओढत नाही तो टोकाचा वीतभर भाग बघा. तिथे चिखलाची रेघ असेल तर गाडी पुरात उभी होती. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या आणि २०२१ च्या महाड-चिपळूणच्या पुरानंतर ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. सीट धुता येते, गालिचा बदलता येतो. त्या गुंडाळलेल्या पट्ट्याचा मात्र सगळ्यांना विसर पडतो.

कलम ६. विक्रेत्याने मोबाइलवर गाडीचा समुद्राच्या लाटांत उभा फोटो कौतुकाने दाखवला, तर त्याचे आभार मानून घरी यावं.

कलम ७. चासी. पाट्यांच्या शॅकलपाशी पान्याने ठोका. खणखणीत आवाज हवा, भद्द नको. खालून ताजा काळा रंग फासला असेल तर तो सौंदर्यासाठी फासलेला नाही.

कलम ८. कागद. साडूंना याचा तिटकारा, म्हणून मला तोंडपाठ झालं. नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पासिंग करून पाच-पाच वर्षं. त्यात हरित कर. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशापासून तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर गंडांतर आलं. पण एनओसी, इथला कर आणि आरटीओच्या खेपा धरल्या की स्वस्ताई लोणावळ्यापर्यंतही पोचत नाही. उंच केलेली, मोठी चाकं चढवलेली, भलतंच इंजिन बसवलेली गाडी तर घेऊच नये. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय, आणि पासिंगच्या दिवशी ते नेमकं आठवतं.

कलम ९. चालवून बघणे. डांबरावर फोर व्हील टाकू नका. या गाड्यांत पुढची आणि मागची चाकं एकत्र जखडली जातात. वळणावर पुढच्यांना जास्त अंतर कापायचं असतं, डांबरावर घसरायला वाव नसतो, मग ताण सगळा शाफ्टवर. मुरमाचा मोकळा प्लॉट शोधा. जुन्या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध चकती (फ्रीव्हील हब) असली तर खाली उतरून दोन्हीकडची हाताने 'लॉक'वर फिरवा. मग फोर लो, पहिला गिअर, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय बाजूला. गाडीने आपल्या आपण, म्हशीला लाजवील अशा संथपणे, चढ चढला पाहिजे. साडूंनी हा प्रयोग केला तेव्हा साठीचा माणूस स्टिअरिंगमागे लहान मुलासारखा हसत होता, हे इथे नमूद करणं भाग आहे. त्यानंतर भावात घासाघीस करण्यात अर्थच उरला नाही.

कलम १०. सगळे पैसे गाडीत घालू नका. पाचवा हिस्सा टायर, क्लच प्लेट, बुश आणि टोचनाच्या दोरासाठी राखा. टायरवर चार आकडे असतात : २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं.

आता व्यवहारात काय घडतं ते सांगतो. जिप्सी किंग घेऊन आम्ही पावसाळ्यात लोणावळ्याहून राजमाचीच्या वाटेला लागलो. फोर लो, टायरची हवा कमी केलेली, गळ्यात दुर्बीण. एका ओढ्याशी साडू उतरून खोली मोजत असताना मागून गावातली एक साधी, दोनच चाकांवर चालणारी जीप आली. तिच्यात सिलिंडर, तांदळाची पोती आणि टपावर दोन पोरं. चालकाने आमच्याकडे बघून विचारलं, "काका, बंद पडली का?" आणि उत्तराची वाट न पाहता तो ओढा ओलांडून उधेवाडीकडे निघून गेला. साडू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याला रस्ता माहीत आहे." हे मात्र खरं, आणि बाजारात ते विकत मिळत नाही.

सध्या गाडी सोसायटीत उभी आहे. तेव्हा वाचकांना विनंती : कुणाकडे जिप्सी किंगच्या पुढच्या चाकांच्या फ्रीव्हील हबची चांगली जोडी असेल, तर कळवावं. मूळ कंपनीची हवी, नक्कल नको. साडू रोख देतील. फोन दुपारी करावा, तेव्हा मेव्हणी झोपलेली असते.