उलटा पंखा

वर्ध्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर चढला की माणसाचं शिक्षण, पगार, घराणं कोणी विचारत नाही; कूलर चालतो का, एवढंच विचारतात. आमचा नुसता गुंऽऽ करत बसला होता. सौ. म्हणाली, "वायरमनला बोलवा." पण ज्याला ओहमचा नियम अजून पाठ आहे, त्याने वायरमनला बोलवायचं?

मी जाळीतून फूटपट्टी घालून पातं ढकललं आणि काय सांगू, पंखा भणाणून सुटला! मी ऐटीत दिवाणावर आडवा झालो, पण वारा काही येईना. म्हणून टाकी भरली, पंप साफ केला, ताट्या भिजवल्या, खिडकी उघडली, मग बंद केली, आणि शेवटी सौ.ने कूलरपुढे उदबत्ती धरली तर धूर सरळ कूलरच्या पोटात. घरातली हवा अंगणात चालली होती. शेजाऱ्यांची मांजर मागच्या ताटीशी येऊन झोपली.

वायरमन आला, एक नजर टाकून म्हणाला, "भाऊ, मोटर ठीक आहे. कंडेन्सर गेला." सिंगल फेजच्या विजेला एकटीने मोटर सुरू करता येत नाही, कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह थोडा पुढे सरकवतो, तेव्हा कुठे फिरायची दिशा ठरते. तो नसला की मोटर गुणगुणत उभी राहते आणि कोणी ढकलेल तिकडे फिरते. सौ.ने माझ्याकडे पाहिलं.

तो चार मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर आणायला गेला, तेवढ्यात आपणही हातभार लावावा म्हणून मी अनवाणी, ओल्या फरशीवर, प्लग न काढता टाकीला हात लावला. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो, ओली झाली की तो हजाराच्या आसपास येतो. 230 व्होल्टला 1000 ने भागा, 230 मिलिअँपिअर होतात, आणि जिवावर बेतायला त्याहून बरेच कमी पुरतात. नशिबाने गळती बारीक होती, मी दिवाणापर्यंतच उडालो. ओहमचा नियम पाठ होताच. त्या दिवशी समजला.

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, म्हणून एवढं कराच: तीन पिनांचा प्लग, धड अर्थिंग, 30 मिलिअँपिअरला वीज तोडणारं ईएलसीबी, आणि पाणी भरण्याआधी प्लग बाहेर. बाकीचं वायरमनवर सोडा. "काहून हात लावला बाप्पा?" असं तो म्हणेलच, तेवढं ऐकून घ्या.