दिवाणजी, जमेची बाजू जरा तपासा!

कॅलरी मोजणाऱ्या ॲपास,
मुक्काम पोस्ट : माझ्या नवऱ्याचा फोन, पुणे



प्रथम तुमचं अभिनंदन. भारतातले ४९.४ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, असा २०२२ सालचा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने दोन वर्षांनी छापला आणि सगळीकडे हळहळ झाली. तुम्हाला विचारलं असतं तर हा आकडा शून्यावर आला असता. कारण तुमच्या ‘व्यायाम’ नावाच्या कप्प्यात टायपिंग आहे, पत्ते खेळणं आहे, विणकाम आहे, फोनवर बोलणं आहे. एवढी सोय असताना या देशात आळशी राहायचं म्हणजे माणसाला खास मेहनत घ्यावी लागेल.

तुम्हाला नुसतं ‘ॲप’ म्हणणं बरं दिसत नाही. आमच्या घरातल्या घासाघासाचा जमाखर्च तुमच्या हाती आहे, तेव्हा ‘दिवाणजी’ म्हणते. खाल्लं की नावे, हललं की जमा, रात्री शिल्लक. पद्धत चोख आहे. तक्रार आहे ती जमेच्या बाजूबद्दल. तिथे तुम्ही जो सढळ हात सोडला आहे, त्याने भल्या पेढीचं दिवाळं निघालं असतं.

होळीचंच घ्या. पुरण मी शिजवलं, कणीक मी तिंबली, पोळ्या मी लाटल्या. नवऱ्याने ओट्यापाशी उभं राहून पुरणयंत्राचा दांडा थोडा वेळ फिरवला, मग ‘हे जाम झालंय’ असं निदान करून तो माझ्या हाती दिला आणि उरलेला वेळ वेलदोडा कमी पडलाय की जायफळ, यावर मतप्रदर्शन केलं. त्यानंतर ओले हात पुसून फोन काढला आणि नोंद केली : ‘स्वयंपाक, ४५ मिनिटं’. तुम्ही एका क्षणात १०५ कॅलरी जमा केल्यात. वर हिरवी खूण, वर ‘शाबास!’. त्या शाबासकीवर तिसरी पोळी ताटात आली, तुपासह. तूप सोडलं तरी एका भरल्या पोळीच्या दोनशेच्या वर कॅलरी होतात, हे तुमच्याच नावेच्या रकान्यात लिहिलेलं आहे. आता ते १०५ आले कुठून ते पाहू. स्वयंपाकाला दोन मेट, नवऱ्याचं वजन सत्तर किलो, वेळ पाऊण तास. गुणाकार बरोबर आहे. फक्त त्यातल्या साडेबावन्न कॅलरी तो सोफ्यावर लोळत असता तरी जळाल्याच असत्या. हृदय चालवायला, श्वास घ्यायला, अंग गरम ठेवायला. त्याचं श्रेय पुरणयंत्राला कशाला?

हा ‘मेट’ तुमच्या तोंडी सारखा असतो म्हणून त्याचं मूळही सांगते. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे एक मेट : दर किलोमागे मिनिटाला साडेतीन मिलिलिटर प्राणवायू, ढोबळ मानाने किलोमागे तासाला एक कॅलरी. बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली अमेरिकेत माणसाच्या शेकडो कामांची एक सूची छापली आणि प्रत्येक कामापुढे मेट लिहिले. पुढे २०००, २०११ आणि २०२४ साली ती सुधारली. त्यात झोपेला ०.९५ आहे, टीव्ही बघण्याला आणि टायपिंगला १.३, बसून जेवण्याला १.५. होय दिवाणजी, जेवण्यालाही आहे! म्हणजे पोळी खाल्ल्याबद्दल नावे आणि खाण्याच्या श्रमांबद्दल जमा, अशी दुहेरी नोंद सुचली नाही हा तुमचा संयमच म्हणायचा.

पण ती सूची कशासाठी होती? हजारो लोकांना ‘दिवसभर काय करता?’ विचारून त्यांच्या हालचालीची तुलना करता यावी, वेगवेगळ्या अभ्यासकांनी एकच मापटं वापरावं, यासाठी. एका माणसाचा नेमका खर्च काढायला ती केलेली नाही, हे तिच्या कर्त्यांनीच लिहून ठेवलंय. तुम्ही मात्र तिथला आकडा उचललात आणि आमच्या ताटाशी आणून ठेवलात.

शिवाय तो साडेतीनचा आकडाही फार भक्कम नाही. तो म्हणे सत्तर किलोच्या, चाळिशीतल्या एका पुरुषावरून आलेला. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ७६९ जणांना प्रत्यक्ष मोजलं, त्यात बायकाच जास्त होत्या, तेव्हा सरासरी २.६ भरली. म्हणजे निवांत बसण्याचा खर्चच मुळात फुगवलेला आणि त्यावर तुमचे सगळे गुणाकार. यात माझ्यासारख्या साठीकडे निघालेल्या बाईचा हिशेब कसा होत असेल, ते विचारण्याची सोय तुमच्या मदत विभागात नाही. तिथे फक्त ‘ही माहिती उपयुक्त वाटली का?’ असं विचारतात.

आता मुख्य आरोप.

खातं उघडताना तुम्ही वय, उंची, वजन विचारता आणि मग विचारता, ‘तुमचं काम कसलं? बैठं, हलकं, कष्टाचं?’ नवऱ्याने प्रामाणिकपणे ‘बैठं’ लिहिलं. आयुष्यात तेवढी एक नोंद त्याने खरी केली. त्यावरून तुम्ही त्याचा रोजचा खर्च ठरवलात. विश्रांतीचा खर्च सूत्राने काढायचा आणि बैठ्या माणसाला बहुधा १.२ ने गुणायचं, ही रीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेबही याच धर्तीचा, फक्त गुणक वेगळा. २०२० सालच्या त्यांच्या शिफारशीत ६५ किलोच्या बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी आणि ५५ किलोच्या बाईला १६६० कॅलरी धरल्या आहेत. या २११० मध्ये काय काय आलं? ऑफिसातलं टायपिंग आलं. जेवण आलं, फोन आला, टीव्ही आला, भाजी निवडणं आलं, बायकोशी वाद घालणंही आलं. बैठा माणूस दिवसभर काही समाधी लावून बसत नाही.

आणि मग संध्याकाळी तोच ६५ किलोचा माणूस ‘टायपिंग, ८ तास’ अशी नोंद करतो. ६५ गुणिले १.३ गुणिले ८. तुम्ही ६७६ कॅलरी व्यायाम म्हणून जमा करता. दोन वडापाव, वर कटिंग. स्वस्थ बसण्यापेक्षा खरा जादा खर्च होता १५६ कॅलरींचा, आठ तासांत मिळून. आणि तोही सकाळीच २११० मध्ये लिहून झाला होता. म्हणजे त्या टायपिंगसाठी वेगळं जमा करायचं ते शून्य. एकच पावती दोनदा जमा करणाऱ्या माणसाला आमच्या पतसंस्थेत काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, संपादक कापतील.

याच न्यायाने झोपही जमेत धरा की. ६५ किलोच्या माणसाच्या आठ तासांच्या झोपेच्या ४९४ कॅलरी होतात. कुंभकर्ण तुमच्या यादीत पहिला आला असता.

मनगटावरचा तुमचा भाऊ म्हणेल, ‘मी अंदाज करत नाही, मोजतो.’ त्यालाही वाचून दाखवा. २०१७ साली स्टॅनफर्डच्या मंडळींनी अशी सात यंत्रं साठ माणसांच्या हातात घालून तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. कॅलरींच्या बाबतीत सगळ्यांत बरं यंत्र सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. आमच्याकडच्या पट्ट्याने भजनात टाळ वाजवणाऱ्या सासूबाईंना पावलं मोजून दिली. त्या मांडी घालून बसल्या होत्या. वारीला न जाता घरबसल्या पुण्य मिळालं, अशी त्यांची समजूत आहे. ती मी मोडलेली नाही.

तुमचा बचाव मला ठाऊक आहे. ‘प्रत्येक हालचाल मोलाची, असं जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते!’ म्हणते ना. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम हालचाल करा, असं २०२० साली सांगताना त्यांनी ‘एका दमात निदान दहा मिनिटं’ ही जुनी अट काढूनही टाकली. जिना चढलात, धरला. पण मध्यम म्हणजे तीन मेटच्या पुढे. टायपिंग १.३ वर बसलंय, आणि बसूनच राहिलंय. जागेपणी बसून किंवा आडवं होऊन दीड मेटपर्यंत जे काही चालतं त्याला या विषयातले लोक बैठं वागणं म्हणतात. तुमचा अर्धा व्यायामाचा कप्पा त्याच व्याख्येत बसतो. ज्या रोगावर औषध हवं, तोच रोग तुम्ही औषधाच्या बाटलीत भरून विकता आहात.

चुळबुळीचा मुद्दाही मी उडवून लावणार नाही. १९९९ साली जेम्स लेव्हिन यांनी सोळा जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जादा खायला घातल्या, तेव्हा ज्यांची व्यायामाबाहेरची हालचाल आपसूक वाढली त्यांच्या अंगावर चरबी कमी चढली. हे खरं आहे. पण ती माणसं उठत होती, फिरत होती, चुळबुळत होती. खुर्चीत रुतून ‘चुळबुळ, ३० मिनिटं’ अशी नोंद करून शिरा मागत नव्हती.

लंडनचा दाखला त्याहून जुना आहे. तिथल्या दुमजली बसचे चालक आणि कंडक्टर जेरी मॉरिस यांनी तपासले आणि १९५३ साली लिहिलं की, दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असलेल्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी. गाडी एक, रस्ता एक. तुमच्या वहीत मात्र ‘वाहन चालवणे’ हाही व्यायाम!

आता आमच्या मावशींबद्दल. केर काढायला त्या सूचीत ३.३ मेट आहेत, म्हणजे सरळ मध्यम हालचालीत. मावशी केर काढतात, लादी पुसतात, भांडी घासतात आणि मग पुढच्या घरी जातात. त्यांच्या फोनात तुम्ही नाही. असता तरी त्यांनी ते ‘व्यायामा’त लिहावं असं मला वाटत नाही, कारण त्यांचा तो रोजचा दिवस आहे, त्यांच्या खात्यात खर्चाची पायरीच मुळात वरची धरायला हवी. प्रश्न एवढाच असतो, दिवाणजी : अमुक काम रोजच्या धरलेल्या खर्चात आधी आलंय की त्याच्या वर आहे? त्याला व्यायाम म्हणा, काम म्हणा, सेवा म्हणा, जमाखर्चाला फरक पडत नाही. मागच्या रविवारी मावशी बैठकीच्या खोलीत लादी पुसत असताना नवऱ्याने सोफ्यावर बसून दोन्ही पाय वर उचलून धरले आणि ‘घरसफाई, १५ मिनिटं’ लिहिली. विचारलं तर म्हणाला, ‘पोटाला ताण पडतो.’ तुम्ही तेही मान्य केलंत.

मागण्या थोड्या आहेत. बैठ्या कामांची नोंद ज्याला ठेवायची त्याला ठेवू द्या, बसलो किती हे कळलेलं बरं. फक्त तिच्यापुढे शून्य लिहा. बाकीच्या कामांत विश्रांतीचा वाटा वजा करून उरेल तेवढंच दाखवा. आणि आकड्याच्या मागेपुढे ‘अंदाजे’ लिहायला लाजू नका. ‘शाबास’ पूर्ण बंद करा. ते आमच्या घरात माझं काम आहे आणि मी ते जपून वापरते.

तुमच्याकडून उत्तर येईतो मी नवऱ्याच्या फोनात शिरून ‘व्यायामाच्या कॅलरी रोजच्या मर्यादेत मिळवा’ हे बटण बंद केलं आहे. त्याला अजून पत्ता नाही. अक्षय तृतीयेला आमरस आहे, तेव्हा लागेल.

कळावे, लोभ असावा, हिशेब नीट असावा.

आपली,
शिळ्या पोळ्यांची मालकीण