अर्धा तास तुझा, अर्धा तास माझा

हेलसिंकीत पार्लमेंटसमोर ओदी नावाचं मोठं सार्वजनिक ग्रंथालय आहे, 2018 साली उघडलेलं. तिथं कॉफीचे दोन कप, दोन वह्या आणि मधोमध टायमर लावलेला मोबाइल दिसला, की समजावं, टँडेमवाला बसलाय.

हा मूळचा फ्रान्सचा. नोकरीसाठी तरी आलेला असतो, नाहीतर एखाद्या फिनिश मुलीसाठी. (मुलगी पुढे निघून जाते, फिनिशची वही राहते.) समोर बसतो तो मितभाषी फिनिश गृहस्थ. त्याला फ्रेंच हवी असते. अर्धा तास एक भाषा, अर्धा तास दुसरी. फी नाही, मास्तर नाही. 1963 साली फ्रान्स-जर्मनीची दिलजमाई झाली आणि दोन्हीकडची पोरं एकत्र आणायचे उपक्रम निघाले, त्यांतूनच ही टँडेम पद्धत रुळली. पण फ्रेंच आणि जर्मन निदान दोघेही बोलतात तरी! फिनिश माणूस उत्तर देण्याआधी विचार करतो. ती शांतता टँडेमवाल्याला सोसत नाही. तो ती स्वतःच भरून काढतो, अर्थातच फ्रेंचमध्ये. त्यामुळे टायमर काहीही म्हणो, फिनिशचा अर्धा तास पाचेक मिनिटांत आटोपतो.

त्या पाच मिनिटांतही हाल होतातच. फिनिशला पंधरा विभक्त्या. 'रामाने, रामास' घोकताना रडलेल्यांनी सरळ दोनाने गुणावं. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचा जाच आपल्या शुद्धलेखनाच्या गुरुजींना लाजवील असा. फिनिशमध्ये 'तापान' आणि 'तापाऽन' यांत फरक एका स्वराच्या लांबीचा, आणि फ्रेंच कानाला लांबी कळत नाही. निरोप घेताना 'उद्या तुला भेटतो' म्हणायच्या ऐवजी टँडेमवाला हसतमुखानं सांगतो, "उद्या तुला ठार मारतो." समोरचा डायरी उघडून विचारतो, "किती वाजता?"

त्याचा खरा जीव मात्र शिकवण्यात. खुर्ची पुढे ओढतो, हात मोकळे सोडतो, आणि तिथंच फसतो. कारण फिनिशमध्ये लिंगच नाही. 'तो' आणि 'ती' यांनाही एकच सर्वनाम. तेव्हा विद्यार्थी प्रामाणिकपणे विचारतो, "टेबल बाई का?"

"ते तसंच असतं."

विद्यार्थी तसं वहीत लिहून घेतो. मग विचारतो, सत्त्याण्णवला तुम्ही 'चार वीस सतरा' का म्हणता? बेल्जियमवाले तीच फ्रेंच बोलतात, पण नव्वदला सुटसुटीत शब्द वापरतात, मग तुम्हाला काय झालं? टँडेमवाला दुखावतो. बेल्जियमचं नाव काढलेलं त्याला खपत नाही. शब्दाच्या शेवटी लिहायची पण उच्चारायची नाहीत ती अक्षरं कशाला, याचं उत्तर तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. घरी जाताना व्याकरणाचं पुस्तक विकत घेतो. फिनिशचं नव्हे, फ्रेंचचं.

सूड तोही उगवतो. फिनिशमध्ये 'प्रेम करणे' या क्रियापदाचं कर्म नेहमी अपूर्ण क्रियेच्याच विभक्तीत का, असं तो विचारतो. फिनिश गृहस्थ बराच वेळ खिडकीबाहेर बघतो आणि म्हणतो, "दुसरं काही कानाला बरं नाही वाटत." त्या दिवशी दोघांची खरी मैत्री जमते.

मला हा माणूस आवडतो. मोबाइलवरच्या भाषा-ॲपमधल्या घुबडाशी बोलून भाषा शिकणाऱ्यांपेक्षा तर नक्कीच. त्याची फिनिश फार पुढे जात नाही, हे खरं. पण आपली मातृभाषा आपल्याला समजावून सांगता येत नाही, हे चारचौघांत, कॉफीच्या साक्षीनं कबूल करायला छाती लागते.

तुमचं कोणी हेलसिंकीत असेल तर सांगून ठेवा. आता त्याला मराठीही शिकायची आहे. होकार देण्याआधी पलंग तो, खुर्ची ती आणि टेबल ते का, याचं उत्तर तयार ठेवा.