एकरी किती पडली?

मंगळवेढ्याकडं ज्वारीची रास झाली की जो तो विचारतो, "एकरी किती पडली?" प्रश्न साधा, उत्तर मात्र विचारणाऱ्याचं तोंड बघून द्यायचं असतं. आमचे तात्या यात मुरलेले. कुणी पायलीभर उसनं मागायच्या बेतानं आलेला दिसला, तर "कुठलं काय, हस्तानं दगा दिला." बँकेचे साहेब असले, तर "बरी हाय, हप्त्यापुरती." आणि थोरल्यासाठी स्थळ घेऊन पाव्हणे आले, की तीच रास चहा संपेपर्यंत दीडपट होते. खरा आकडा एकट्या आईला ठाऊक, कारण कोठीची किल्ली तिच्या कनवटीला. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारं भुकेल्यांसाठी उघडली, ती याच गावात. अशा गावात आपली कोठी किती भरली, हे माणूस जपूनच सांगणार!

तशी रब्बीची ज्वारी आकड्यात सापडणारी नव्हेच. भारी काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची. पुढं ती मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर आपली आपण वाढते. पीक साधलं की भाव पडतो, आणि भाव चढतो तेव्हा विकायला दाणा नसतो. २०२४-२५ साली संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३३७१ रुपये होता, मालदांडीचा ३४२१. मधले पन्नास रुपये खानदानीपणाचे, असं तात्या म्हणतात. खानदान आहेच. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन. २०२३ हे तर साऱ्या जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. पुण्याच्या पाव्हण्यांनी शेंगदाण्याच्या चटणीशी हुरडा खात आम्हाला ज्वारीचे गुण समजावून सांगितले. उपटायला मात्र कुणी थांबलं नाही. ही ज्वारी मुळासकट हातानं उपटायची असते आणि गुण सांगणाऱ्यांच्या हातांना फोड लवकर येतात.

दाण्याचा भाव क्विंटलावर, कडब्याचा शेकड्यावर. पाऊस हुकलेल्या साली दाण्याला कुणी विचारत नाही, पण कडब्यासाठी बांधावर गाड्या येऊन थांबतात. माणसाच्या जेवणापेक्षा म्हशीचं जेवण महाग होतं. तात्यांना त्यात काही वावगं वाटत नाही; म्हैस निदान भावाची घासाघीस करत नाही.

पुतण्यानं एकदा मोबाइलवर सगळा हिशेब मांडला. पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी. खाली लाल आकडा. "तात्या, चक्क तोटा हाय. ऊस लावू."

"त्यात वर्षाची भाकरी धरलीस का?"

"न्हाई."

"म्हशीचा कडबा?"

"न्हाई."

"मग लाव ऊस. रातच्याला आमटीत कांडं कुस्करून खाऊ."

पुतण्यानं ऊस लावलाच, पण एक एकर जोंधळ्याला ठेवून. त्याच्या मोबाइलमधल्या तक्त्यात त्या एकरापुढचा "तोटा" आता पुसलाय. तिथं लिहिलंय, "घरखर्च".