उसना रवंथ

सत्तावीस वर्षे मामलेदार कचेरीत कारकुनी करून, त्यांतली शेवटची सहा अव्वल कारकून या बिरुदाखाली काढून यथाकाल पेन्शनीत निघालेल्या गृहस्थाच्या परसात शेळी कशी आली, अशी पृच्छा होणे स्वाभाविक असल्यामुळे प्रकरणाची पूर्वपीठिका प्रथम नमूद करतो. निवृत्तीबरोबर मला जो खोकला जडला, त्यावर आमच्या वैद्यबुवांनी अजादुग्धाची योजना केली. शेळी कडू-तिखट पाला खाते, पाणी बेताने पिते आणि दिवसभर हिंडते, सबब तिचे दूध पचनास हलके, असे आयुर्वेदाचार्यांचे मत त्यांनी मला ऐकवले. मी गोड खातो, चहा मुबलक पितो आणि ओसरीवरून हलत नाही, तेव्हा सद्गुणांची ही तूट शेळीकडून वसूल करावी, असा त्यांचा आशय असावा. त्या दुधाला वास येतो, ही माझी हरकत आमच्या कुटुंबाने तत्काळ फेटाळली. १९१८ सालच्या मोठ्या दुखण्यानंतर महात्माजी दूध न पिण्याच्या व्रतावर अडून बसले असता, व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, शेळी नव्हती, अशी पळवाट कस्तुरबांनी काढून दिली होती. "त्यांनी वासाची तक्रार केलेली कुठं ऐकली नाही," एवढे बोलून ही विणकाम करू लागली.

संगमनेरी जातीची ती शुभ्र शेळी अठ्ठावीस रुपयांस आली. आल्या दिवशीच तिने आमचा शेवंतीचा वाफा समूळ फस्त केला, आणि त्या दिवंगत वाफ्याचे स्मारक म्हणून तिचे नाव शेवंती ठेवण्यात आले. तिच्या गळ्याखाली लोंबणारी ती दोन बोंडे, ज्यांना संस्कृत पंडितांनी अजागलस्तन म्हणून निरुपयोगी वस्तूंचे कायमचे उदाहरण करून ठेवले आहे, पाहिली की मला निष्कारण कचेरीतल्या काही मंडळींची आठवण होई.

वैशाखात कुरडयांचा बेत होता. गहू भिजत घालून, रोज पाणी पालटून, तिसऱ्या दिवशी चीक काढायचा. त्या तिसऱ्या दिवसाच्या पहाटे शेवंतीने दावे तोडले आणि आंबूस वास सुटलेले ते फुगीर गहू, अंदाजे दोन शेर, कोणाचीही मंजुरी न घेता पोटात घातले. सायंकाळपर्यंत तिने मान टाकली. डावी भकाळी तबल्यासारखी ताणली, कान गार पडले, रवंथ बंद झाला आणि ती करकर दात खाऊ लागली. ते दात खाणे माझ्यावरच्या रागाचे नसून पोटातल्या वेदनेचे आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. रात्रभर मी तिची क्षमा मागत होतो.

थर्मामीटर लावावा, हे मला सुचले. कोठे लावावा, हे शेजारच्या पोराने सुचवले. (तो थर्मामीटर आमच्या घरात पुढे कोणीही तोंडात धरला नाही.) पारा एकशे दोनवर पाहताच माझे हातपाय गळाले आणि मी तिच्या दोन शिंगांच्या मधोमध मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवून वारा घालत बसलो. शेळीच्या देहाचे नित्याचे उष्णमानच एकशे दोन-तीन अंश असते, हे गुरांच्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत तीन पट्ट्या वाळल्या होत्या आणि चौथी तिने खाल्ली होती. आजारात तिने घेतलेले हे पहिले अन्न.

डॉक्टर मात्र दौऱ्यावर होते, ते दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात सायकलीवरून आले. मधल्या काळात माझ्या ओसरीला चावडीचे स्वरूप आले. ठगांच्या सांगण्यावरून आपल्या खांद्यावरचा बोकड कुत्रा मानणाऱ्या त्या गोष्टीतल्या ब्राह्मणासारखी माझी स्थिती झाली होती. एक म्हणे वारा धरला, दुसरा म्हणे दृष्ट लागली, तिसऱ्याने हिंग, ओवा आणि पादेलोण यांची प्रमाणे इतक्या आत्मविश्वासाने सांगितली की त्याने आयुष्यात शेळी पाळली नाही हे ध्यानात येण्यास विलंब लागला. उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण मी शेकडो वेळा वापरली असेल, परंतु एका शेळीसाठी एवढे उंट जमलेले प्रथमच पाहिले. त्या सर्वांत खरा जाणकार एकच, आणि तो भिंतीपलीकडून डोकावून फक्त आकडा बोलणारा गावचा खाटीक. सकाळी त्याने अठरा रुपये म्हटले, दुपारी बारा, आणि डॉक्टर येण्याच्या सुमारास तर तो शेवंतीकडे क्षणभर पाहून काहीच न बोलता निघून गेला. त्या मौनाने माझा जितका थरकाप उडाला तितका पाऱ्याने उडाला नव्हता.

डॉक्टरांनी तिच्या डाव्या कुशीत मूठ रुतवली आणि घड्याळ पाहत स्तब्ध राहिले. पोट हलायला हवे, म्हणाले, मिनिटाला एक-दोनदा तरी. हे थांबले आहे. मग त्यांनी मला शेळीच्या उदराची जी व्यवस्था समजावली, तीत मला माझी सारी नोकरी दिसू लागली. पोटाचे कप्पे चार. आलेला चारा प्रथम न चावताच पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात दाखल होतो, तेथे असंख्य सूक्ष्म जीव त्याच्यावर काम करतात, मग तो पुन्हा तोंडात येतो, निवांत चघळला जातो, पुन्हा खाली जातो, आणि असे पुष्कळ झाल्यावर पुढल्या कप्प्यांकडे रवाना होतो. कागदाचाही मार्ग याहून निराळा नाही. परंतु एकदम इतके धान्य येऊन पडले म्हणजे काही विशिष्ट जीव माजतात, आम्ल फार होते, त्या आम्लात उरलेले नेमस्त जीव मरतात, आणि सगळे खाते ठप्प होते. मार्चअखेरची कचेरी मी पाहिली असल्यामुळे मला हे निदान तत्काळ पटले.

उपचार साधे होते आणि म्हणूनच अवघड. दोन तोळे खाण्याचा सोडा कोमट पाण्यातून पाजायचा; पाजताना तिचे तोंड आभाळाकडे करायचे नाही, नाही तर औषध फुप्फुसात उतरून पोटाआधी तीच संपेल. तिला कुशीवर पडू द्यायचे नाही, छातीवर बसती ठेवायची. आम्ही दोहो बाजूंना भुशाची पोती लावली आणि मधोमध ती एखाद्या आजारी संस्थानिकासारखी विराजमान झाली. मी कंदील, घड्याळ आणि एक वही घेऊन समोर बसलो, कारण वहीवाचून मला कोणतेही दुःख नीट करता येत नाही. रोजनाम्यात रकाने पाडले: वेळ, पोटाची हालचाल, लेंडी, शेरा. पहिल्या रात्री शेरा या रकान्यात 'नाही' हा शब्द अकरा वेळा आहे. तिच्या डोळ्यांतल्या त्या आडव्या, चौकोनी बाहुल्या माझ्यावर रोखलेल्या असत. अर्जदाराकडे न पाहता पाहण्याची ती नजर मी सत्तावीस वर्षे वापरली होती. तिच्यासमोर उकिडवे बसून राहण्याचा प्रसंग मात्र नवा होता.

तिसऱ्या दिवशी आम्ल उतरले, पोट मऊ पडले, तरी रवंथ सुरू होईना. वाटेने जाणारा एक धनगर म्हातारा वाकून तिच्या तोंडाचा वास घेऊन म्हणाला, "रावसाहेब, पोट रिकामं हाय हिचं. धडधाकट शेरडाच्या तोंडातला रवथाचा गोळा काढा आन् हिला चारा." मी शहारलो. माझ्या मागे उभे असलेले कुटुंब मात्र, ज्याला चार कप्प्यांचा वृत्तांत सांगताना मी दोनदा अडखळलो होतो, एका शब्दात शास्त्राच्या मुळाशी पोहोचले: "म्हणजे विरजणच की!"

विरजण शेजारून आणावे लागते, आणि आमची अडचण तेथेच होती. गल्लीत रवंथ करणारी धडधाकट शेळी एकच, ती शेजारच्या काकूंची. आणि काकूंशी आमचा चार वर्षे अबोला, हद्दीवरच्या चिंचेवरून. त्या चिंचेबाबत त्यांनी कचेरीत केलेला अर्ज, प्रकरणात मीच प्रतिवादी असल्यामुळे, मी अत्यंत निःपक्षपातीपणे बस्त्यात सर्वांत खाली ठेवून दिला होता. आता मी टोपी घालून, वाटी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. काकूंनी मला उभेच ठेवले. आतून त्या दोनदा दारापर्यंत येऊन परत गेल्या. मग विचारले, "काय काम आहे?" मी सांगितले. "बघू," त्या म्हणाल्या, "सवडीनं." हा शब्द त्यांनी कोठून उचलला होता, हे मला ठाऊक होते.

सवड घटकाभराने झाली. धनगराने काकूंच्या रवंथ करणाऱ्या शेळीचा जबडा चपळाईने धरला, दाढांना चुकवून हिरवा ओलसर गोळा बाहेर काढला, त्या बिचारीने विस्मयाने पाहिले आणि पोटातून दुसरा मागवला. असे चार-पाच गोळे कोमट पाण्यात कालवून शेवंतीला पाजले. उत्तररात्री दोन वाजून वीस मिनिटांनी तिने एक दीर्घ, दुर्गंधीयुक्त, मला आजवर लाभलेल्या कोणत्याही बढतीहून सुखद अशी ढेकर दिली. मग गळ्यातून काहीतरी वर सरकताना दिसले आणि तिचा खालचा जबडा आडवा फिरू लागला. मी शेरा लिहिला: 'होय.' सकाळी भिंतीपलीकडून खाटकाचे डोके वर आले आणि म्हणाले, "बावीस."

शेवंती बरी झाली. ज्याने तोंडात नळकांडे घातले तो मी दिसताच ती अद्याप पोत्यांमागे दडते, आणि ज्याने फक्त एक शब्द टाकला त्या आमच्या कुटुंबाच्या पदराशी खेळते, ही तक्रार कोणाकडे करावी हे मला कळलेले नाही. दूध पूर्ववत येऊ लागल्यावर पहिल्याच मंगळवारी काकूंची वाटी हद्दीच्या भिंतीवर येऊन बसली. "आमच्या विरजणावर चालतंय ना पोट तिचं?" एवढाच खुलासा तिच्याबरोबर आला. युक्तिवादात खोट सापडेना. पुढल्या मंगळवारी वाटी थोडी मोठी होती. आज हा अकरावा मंगळवार; वहिवाट एकदा पडली की ती मोडणे किती कठीण, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार, म्हणून हरकतीचा अर्ज मी लिहायला घेतला होता. पण भिंतीवर वाटी वाजते आहे, आणि तिच्यात, झाकण म्हणून, चिंचेच्या कोवळ्या पाल्याची एक डहाळी आहे. शेवंतीसाठी.