धूळपारखी

पूर्णगडात गाडी धुणारे पुष्कळ आहेत. विहिरीचा पंप लावायचा, नळीने पाणी मारायचं, चाकांवरचा चिखल उडवायचा, की झालं. अण्णा त्यांच्यातले नव्हेत. निवृत्त होऊन मुंबईहून गावी आले ते गाडी घेऊनच. खाऱ्या वाऱ्याने तिच्या पत्र्याला गंजाचे फोड आलेत, पण त्याचं त्यांना काही नाही. "बाहेरची बाजू लोकांची. मी आत बसतो."

आतल्या बाजूसाठी त्यांनी आधी गाडीतच जोडायचा बारा व्होल्टचा छोटा व्हॅक्यूम घेतला. लायटरच्या खोबणीचा फ्यूज दहा-पंधरा अँपिअरचा, म्हणजे शक्ती फार तर दीडशे-पावणेदोनशे वॅट. दोन दिवसांत तो नातवाकडे खेळायला गेला आणि घरगुती मोठा व्हॅक्यूम आला. तो पडवीत उभा असतो आणि त्याची नळी खिडकीतून गाडीत शिरते. कुणी हसलं की अण्णा त्याला थेट लंडनला नेतात. 1901 साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअराने व्हॅक्यूम काढला, तो एवढा अवजड की घोडागाडीवर बसवून रस्त्यात उभा करायचे आणि नळ्या खिडक्यांतून घरात सोडायचे. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच साफ केले. यंत्र करण्याआधी बूथने म्हणे हॉटेलातल्या खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडाने धूळ ओढून पाहिली होती. अण्णा हे करूनही दाखवतात. म्हणून त्यांच्याकडे मी शक्यतो उभाच असतो.

"यंत्र धूळ ओढत नाही रे. आतला पंखा हवा बाहेर फेकतो, आत दाब कमी होतो, मग बाहेरची हवाच धुळीला आत ढकलते." हे सांगताना आपल्यालाही कुणीतरी मागून ढकलतंय असं वाटू लागतं. नळीत काही अडकलं की मोटारीचा आवाज चढतो. तो चढला की अण्णा हात वर करतात. मग काकूंनी मिक्सर बंद करायचा, शेजारच्याने रेडिओ बंद करायचा आणि सगळ्यांनी तो आवाज ऐकायचा.

पण अण्णांची खरी विद्या साफसफाईनंतर सुरू होते. डबा वर्तमानपत्रावर उपडा करून, चष्मा कपाळावर चढवून ते धूळ वाचतात. ही तांबडी पूड सड्यावरची, जांभ्याची. ही वाळू पुलापलीकडची, गावखडीची. तिकडे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखतात, पिल्लं सोडताना बघायला पाहुणे जातात. "पिल्लं गेली समुद्रात, वाळू आली माझ्या गाडीत!" आंब्याचा मोहोर दिसला की गाडी कुणाच्या कलमाखाली लावली होती ते निघतं. चुरमुरा दिसला की नातवाला हाक जाते. जावयांनी एकदा पावसहून येताना वाटेत भजी खाल्ली होती. कागदसुद्धा बाहेर टाकला होता बिचाऱ्यांनी. गिअरच्या खाचेतल्या एका करपट कणाने त्यांचा घात केला.

या विद्येला गुडघे टेकायला लावतं ते कुसळ. पावसाळा सरला की सड्यावरचं गवत वाळतं, आणि किल्ला बघून येणाऱ्याच्या पायमोज्यातून कुसळं गाडीत शिरतात. ती गालिच्यात टोकाने घुसतात, आणि जितकी ओढावी तितकी आडवी होतात. तिथे बूथ हरतो. अण्णा मग काकूंचा भुवयांचा चिमटा घेऊन मागच्या सीटखाली अर्धे नाहीसे होतात. पायांवरून ते अण्णाच आहेत हे ओळखावं लागतं. सुक्या मासळीच्या वासापुढेही त्यांचं काही चालत नाही, कारण धूळ डब्यात राहते आणि वास मागच्या बाजूने पडवीभर होतो. त्या दिवशी मांजरं जमतात.

काकूंचं मत विचाराल तर हिराच्या खराट्याने हे सगळं निम्म्या वेळात होतं. पण हे मत त्या फक्त मोटार चालू असताना मांडतात.

परवा डब्यात काकूंची मोत्याची कुडी निघाली. मार्गशीर्षापासून हरवलेली. तिच्यासाठी घर उलटंपालटं झालं होतं, कामवालीवर संशय घेऊन झाला होता, देवाला नारळ बोलून झाला होता. काकूंचे डोळे भरून आले. अण्णांनी कुडी चिमट्यात धरून उजेडात फिरवली.

"ही मागच्या सीटच्या फटीत होती. तू मागे कधी बसलीस?"

"अहो, आडिवऱ्याच्या लग्नाला नाही का गेलो! पुढच्या सीटवर तुमचा व्हॅक्यूम होता."

अण्णांनी आठवून पाहिलं. "बरोबर," ते म्हणाले, "पट्टा लावून ठेवला होता."