अवो ऐकलं का, पोट्टी मोबाइलात शिकून राह्यली!

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात घाटावरची बातमी घाटाखाली यायला एसटीची वाट पाहत नाही. पण ही बातमी दोन्हीकडं एकदमच फुटली. शाळा घरात शिरली! मार्च 2020 मध्ये करोनानं वर्गांना कुलपं लागली, आणि ज्या मोबाइलला हात लावला म्हणून पोराला परवा फटका बसला होता, तोच मोबाइल आईनं स्वतःहून त्याच्या हातात दिला. वर म्हणते, "घे बापा, शिक."

असं कुठं असते काय वो?

योगायोगही बघा. जूनमध्ये इकडं सरकारचा 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असा गजर चाललेला, आणि तिकडं लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं! शास्त्रज्ञांनी खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर बोट ठेवलं. पाणी आटलं, खारटपणा वाढला, म्हणून रंग बदलला म्हणे. म्हणोत बापडे. माझं मत विचाराल तर सरोवर लाजलं होतं.

लाजण्यासारखं होतंच. तोवर मास्तर वर्गात काय शिकवतात हे घराला ठाऊक नव्हतं, आणि घरात काय चालतं हे मास्तरांना. दोघांचा संसार त्यामुळंच सुखाचा होता. माइक सुरू राहिला आणि सगळं उघड्यावर आलं. कुणाच्या घरी भाकरी करपली, कुणाचा बाप पोराला कोणत्या शब्दांत झोपेतून उठवतो, मास्तरांची बायको मास्तरांना काय म्हणते, सगळं चाळीस घरांत थेट प्रक्षेपित. घाटाखालचा एक किस्सा तर अजून चवीनं सांगतात. बाई विचारतात, "बी पेरल्यावर काय होतं, कोण सांगेल?" पोरगं तोंड उघडायच्या आत मागून आजोबांचा आवाज: "काई नाई होत! सोयाबीन उगोलंच नाई!" त्या साली सोयाबीनच्या बियाण्यानं राज्यभर दगा दिला होता, दुबार पेरणीनं शेतकरी टेकीला आले होते. विज्ञानाच्या तासाला इतकं खरं उत्तर कुणी दिलं नसेल.

बरं, हा सगळा तमाशा ज्यांच्याकडं मोबाइल आहे त्यांचा. बहुतेक घरांत फोन एक, पोरं तीन, आणि तो फोनही सकाळीच बापासंगं वावरात गेलेला. सातपुड्याच्या पायथ्याला तर रेंज शोधायला टेकडी चढायची. मग सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही धड्यांची मालिका सुरू झाली, आणि नातवासोबत आज्याही पहिलीत बसल्या. त्यांची हजेरी नातवाहून चांगली होती, असं खात्रीनं कळतं.

चटक लागायची ती लागलीच. 31 जानेवारी 2022 ला मुंबईत धारावीत दहावी-बारावीची पोरं शिक्षणमंत्र्यांच्या घरासमोर जमली. मागणी काय, तर परीक्षाही ऑनलाइनच घ्या! आम्ही इकडं तोंडात बोट घातलं. मुंबईची पोरं, दुसरं काय करणार. पण बोट तोंडातून काढायच्या आत मार्च 2023 आला, आणि बारावीच्या गणिताची पानं परीक्षेआधीच मोबाइलवरून फिरली. कुठं? आमच्याच सिंदखेडराजा तालुक्यात! जिजाऊंच्या माहेरात! प्रकरण पोलिसांत गेलं, विधानसभेत गाजलं. मुंबईला नावं ठेवणारी आमची तोंडं त्या दिवशी चहाच्या टपरीवर फार बारीक झाली होती.

आता तर ऑनलाइन शिकायच्या ह्या थेराला सरकारी शिक्काही बसलाय. केंद्राचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं 'स्वयं' 2017 चं. यूजीसीनं 2021 मध्ये नियम केला की विद्यापीठाची परवानगी असेल तर एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून करता येतील. आधी 20 टक्क्यांवरच भागायचं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 चं, पण त्यांच्या पदवीधराला सोयरिकीच्या बैठकीत नाक मुरडून विचारायचे, "बाहेरून केलं का?" आता आतून करणारेही 40 टक्के बाहेरूनच! नाकं मुरडायची कुणी? 'स्वयं'ची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, तेवढीच काय ती अब्रू शिल्लक.

मास्तरांचं विचारूच नका. पोरानं वर्गात मोबाइल काढला की जप्त. आणि मास्तरांनी काढला नाही तर मास्तरच गैरहजर! प्रशिक्षण 'दीक्षा' ॲपवर, माहिती पोर्टलवर, 2023 च्या डिसेंबरात तर पोरांची हजेरीही चॅटबॉटवर घ्यायचं फर्मान आलं. शिक्षक चिडले, ते बरोबरच होतं. पोरगं समोर बाकावर बसलंय हे त्या यंत्राला सांगायला आधी रेंज हुडका, तोवर पोरगं पाणी प्यायला पळालेलं.

पण सगळ्यात खमंग भानगड पुढंच आहे. खामगाव, चिखली, बुलडाणा, कुठंही जा, भरतीच्या अन् 'नीट'च्या पोरांसाठी अभ्यासिका निघाल्यात. महिन्याचे पैसे भरायचे, एसटीचा पास काढायचा, यायचं, ओळीत बसायचं, कानात इअरफोन घालायचे आणि दिल्ली-पुण्याच्या सरांचं लेक्चर मोबाइलवर बघायचं. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघी एकाच सरांचं एकच लेक्चर दोन मोबाइलवर बघतात. एकीचे सर सावकाश बोलतात, दुसरीचे दीडपट वेगानं, कारण तिला पाचची गाडी गाठायची असते. फळ्याशी कुणीच नाही, तरी वर्ग भरलेला!

एका माउलीनं पोराला विचारलंच, "घरी वायफाय घेऊन देलं, मंग ह्या अभ्यासिकेचे पैसे काहून?"

पोरगं म्हणे, "घरी वायफाय आहे, पन तू बी आहेस नं!"